अन्ननलिका, महारोहिणी आणि मधले काही तास

'स्टेंट' हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे. कुणाच्या वडिलांना दोन स्टेंट टाकले, कुणाच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, हा विषय लग्नाच्या पंगतीतही निघतो. हृदयाच्या रोहिणीतला हा स्टेंट जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीचा असतो. आज मी ज्या स्टेंटविषयी बोलणार आहे, तो त्याचा थोरला भाऊ म्हणायला हवा. तो अडीच-तीन सेंटिमीटर रुंद आणि दहा-पंधरा सेंटिमीटर लांब असतो, त्याला कापडाचं अस्तर असतं आणि शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत तो बसवतात. हृदयातला स्टेंट बंद झालेली वाट उघडतो. हा मोठा स्टेंट नको तिथे पडलेली वाट बुजवतो.

अशी नको असलेली वाट अन्ननलिकेच्या कर्करोगात कधीकधी पडते. ती अन्ननलिकेतून थेट महारोहिणीत, म्हणजे डॉक्टर ज्या रक्तवाहिनीला 'एओर्टा' म्हणतात तिच्यात उघडते. हा प्रसंग विरळा आहे. पण ज्या घरावर तो येतो, त्या घराला विचार करायला दिवस नव्हे, तास मिळतात. त्या तासांत डॉक्टर जे सांगतात ते बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, आणि त्याच घाईत होकार किंवा नकार द्यायचा असतो. म्हणून हा विषय शांतपणे, आधीच समजून घेतलेला बरा.

शेजारी राहणाऱ्या दोन नळ्या

अन्ननलिका घशापासून जठरापर्यंत जाते. तिची लांबी साधारण पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षा थोडी जास्त. ती स्नायूंची मऊ नळी आहे. घास नसेल तेव्हा ती मिटलेली असते आणि घास आला की उघडते. महारोहिणी हृदयातून निघते, छातीत वर जाऊन काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याच्या कडेने खाली पोटात उतरते. निरोगी माणसात छातीतल्या या उतरत्या भागाचा व्यास अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त या नळीत ढकलतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण पाच लिटरच असतं, हे लक्षात ठेवा.

छातीत या दोन नळ्या अगदी खेटून जातात. महारोहिणीचं वळण अन्ननलिकेला डावीकडून टेकूनच जातं आणि पुढे खाली बराच अंतर दोघींची सोबत असते. मध्ये चरबीचा आणि जोडऊतींचा पातळ थर, एवढाच काय तो आडपडदा. जठर आणि आतडी यांना बाहेरून एक चिवट आवरण असतं. अन्ननलिकेला ते नाही. त्यामुळे अन्ननलिकेत सुरू झालेली गाठ भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरात लवकर शिरते.

सहसा ती शिरते श्वासनलिकेत. मग पाणी पितानाही ठसका लागतो, फुफ्फुसात अन्न जातं. महारोहिणीची भिंत त्या मानाने दणकट असते, ती पुष्कळ काळ तग धरते. पण गाठ मधल्या भागात असेल आणि महारोहिणीला चिकटून पसरली असेल, तर तीही भिंत पोखरली जाते. दोन पोकळ अवयवांमध्ये असा जो अनैसर्गिक मार्ग तयार होतो त्याला 'फिस्टुला' म्हणतात. हा शब्द आपण भगंदराच्या संदर्भात ऐकलेला असतो. तत्त्व तेच, जागा मात्र जीवघेणी.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. काही वेळा उपचार लागू पडतात म्हणूनच हे भोक पडतं. महारोहिणीची भिंत खाऊन गाठीने स्वतःच तिथे बूच मारलेलं असतं. रेडिएशन आणि केमोथेरपीने गाठ विरघळू लागली की ते बूचही विरघळतं. रेडिएशनमुळे आसपासच्या ऊती नाजूक झालेल्या असतात, त्या भोक भरून काढू शकत नाहीत. गिळता यावं म्हणून अन्ननलिकेत बसवलेल्या धातूच्या स्टेंटची कड घासूनही क्वचित असं होतं. म्हणून गाठ महारोहिणीला लागून असेल तर कर्करोगतज्ज्ञ उपचारापूर्वीच सीटी स्कॅन बारकाईने बघतात. गाठीने महारोहिणीच्या गोलाईला किती वेढलं आहे, याचं एक मोजमाप १९८३ पासून वापरात आहे. वेढा पंचेचाळीस अंशांपेक्षा कमी असेल तर बहुधा महारोहिणी शाबूत असते. नव्वद अंश किंवा त्याहून जास्त असेल तर ती बाधित झाल्याचा संशय बळावतो.

पहिली उलटी

महारोहिणी आणि अन्ननलिका यांच्यातल्या अशा मार्गाची नोंद वैद्यकात दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८१८ मध्ये दुब्रय या फ्रेंच डॉक्टरांनी एका सैनिकाची हकिगत लिहिली. त्याच्या अन्ननलिकेत मांसातलं हाड अडकलं होतं आणि त्याने महारोहिणीला भोक पाडलं होतं. गिळलेलं हाड, माशाचा काटा, गळून गेलेली कवळी, लहान मुलांनी गिळलेला बटणासारखा सेल ही आजही अशा फिस्टुलाची कारणं आहेत. सर्वांत मोठं कारण म्हणजे महारोहिणीलाच आलेला फुगा. कर्करोग हे त्यानंतरच्या प्रमुख कारणांपैकी एक.

१९१४ मध्ये हान्स कियारी या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञांनी या आजाराची चाल नेमकी टिपली, आणि ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. आधी छातीच्या मध्यभागी दुखतं. मग लालभडक रक्ताची एक उलटी होते. मग सगळं शांत होतं. ही शांतता काही तास टिकते, कधी एक-दोन दिवस, क्वचित त्याहून जास्त. आणि त्यानंतर येतो तो मोठा रक्तस्राव, जो काही मिनिटांत माणसाला घेऊन जातो.

मधली शांतता का असते? भोक सुरुवातीला लहान असतं. रक्त गेल्याने रक्तदाब उतरतो, महारोहिणीची भिंत त्या जागी आकसते आणि भोकावर रक्ताची गुठळी बसते. गळकी टाकी चिखलाने लिंपावी तसा हा प्रकार आहे. पुढे गुठळी सैल होते, रक्तदाब पूर्ववत होतो आणि लिंपण सुटतं.

समजा, तालुक्याच्या गावातले साठीचे एक गृहस्थ आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्यांचं रेडिएशन महिन्यापूर्वी संपलं आहे. गिळायला जरा बरं वाटू लागलंय. दोन दिवस छातीत, पाठीच्या बाजूला दुखतंय. रात्री त्यांना वाटीभर ताज्या रक्ताची उलटी होते. घरचे घाबरतात, पण अर्ध्या तासात ते उठून बसतात, चूळ भरतात, 'आता बरं वाटतंय' म्हणतात. कुणीतरी म्हणतं, औषधांची उष्णता झाली असेल. कुणी म्हणतं, पित्त असेल, सकाळी डॉक्टरांकडे नेऊ. घरच्यांचं यात काही चुकतंय असंही नाही, कारण माणूस समोर खरंच बरा दिसतोय. पण या आजारात बरं दिसणं हाच दुसरा टप्पा आहे. सकाळपर्यंत थांबणं त्यांना परवडेलच असं नाही.

हेही सांगायला हवं, की अन्ननलिकेच्या कर्करोगात उलटीतून पडणारं प्रत्येक रक्त महारोहिणीतलं नसतं. गाठीच्या पृष्ठभागावरून थोडं थोडं रक्त झिरपणं हे जास्त आढळतं. त्यावर औषधं, दुर्बिणीतून करायचे उपाय, रेडिएशन असे इलाज आहेत. पोटातल्या अल्सरमुळेही रक्त पडू शकतं. पण यातलं काय आहे, हे घरी बसून कुणालाच ठरवता येत नाही.

निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे सीटी अँजिओग्राफी. शिरेतून आयोडिनयुक्त औषध देऊन काही सेकंदांत संपूर्ण महारोहिणीचं चित्र घेतात. गाठ कुठे टेकली आहे, भिंतीचा फुगवटा कुठे आहे, महारोहिणीच्या शेजारी हवेचे बुडबुडे आहेत का, औषध बाहेर गळतंय का, हे त्यात दिसतं. एक सावधगिरी महत्त्वाची. रक्ताची उलटी म्हटल्यावर पहिला विचार दुर्बिणीच्या तपासणीचा येतो, आणि इतर आजारांत तो योग्यही असतो. इथे मात्र दुर्बिणीतून दिसणारी गुठळी हलवली, तिचा तुकडा तपासायला घेतला, तर बूच काढल्यासारखं होतं. सलाईनचंही तसंच. 'डॉक्टर, सलाईन लावा' असा नातेवाइकांचा आग्रह असतो. पण इथे रुग्ण शुद्धीवर राहील इतपतच रक्तदाब ठेवायचा असतो. रक्तदाब भरभर वर नेला तर गुठळी निसटण्याची भीती असते.

आतून लावलेलं अस्तर

पूर्वी या भोकावर एकच उपाय होता. छाती उघडायची, महारोहिणीला चिमटे लावून रक्तप्रवाह थांबवायचा, खराब भाग कापून कृत्रिम नळी जोडायची. अन्ननलिकाही काढावी लागे. धडधाकट माणसालाही ही शस्त्रक्रिया जड जाते. महिनोन् महिने पोटभर जेवण न गेलेला, केमोथेरपीने थकलेला आणि नुकतंच रक्त गमावलेला कर्करोगाचा रुग्ण ती सोसेल कशी? त्यातून गाठीने वेढलेल्या महारोहिणीत टाका घालायचा म्हणजे कुजलेल्या कापडाला रफू करण्यासारखं. टाका धरतच नाही. म्हणून अशा रुग्णांच्या बाबतीत बहुतेक वेळा हात टेकावे लागत.

उत्तर मिळालं ते वेगळ्याच दिशेने. बोअरवेलची माती आत ढासळू लागली तर आपण बाहेरून विहीर खणत बसत नाही. आत केसिंग पाइप उतरवतो. भिंत होती तशीच राहते, पण पाणी पाइपमधून येतं. महारोहिणीतही असाच आतून पाइप उतरवता येईल का, हा प्रश्न १९८० च्या दशकात काही शल्यचिकित्सकांना पडला होता.

यातलं पहिलं नाव निकोलाय वोलोदोस यांचं. त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या युक्रेनमधल्या खारकिव शहरात त्यांनी १९८७ मध्ये एका रुग्णाच्या छातीतल्या महारोहिणीत स्वतः तयार केलेला, कापड चढवलेला स्टेंट बसवला. त्यांचं लेखन रशियन भाषेत असल्यामुळे पाश्चात्त्य जगाला त्याची दखल घ्यायला बराच वेळ लागला. १९९० मध्ये अर्जेंटिनात ब्युनॉस आयरिसला हुआन पारोदी यांनी पोटातल्या महारोहिणीच्या फुग्यावर हीच पद्धत वापरली आणि ती जगभर गाजली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मायकेल डेक आणि सहकाऱ्यांनी छातीतल्या महारोहिणीवरचा आपला अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. छातीसाठीच्या स्टेंटला अमेरिकी सरकारची मान्यता २००५ मध्ये मिळाली. हे सगळं मुख्यतः फुग्यासाठी होतं. पण आतून अस्तर लावून फुगा बंद करता येतो तर भोकही बंद करता येईल, हे ओघानेच आलं.

या स्टेंटचा सांगाडा निकेल आणि टायटॅनियम यांच्या 'नायटिनॉल' नावाच्या मिश्रधातूचा असतो. या धातूला आकाराची आठवण असते असं म्हणतात. दाबून, आवळून बारीक नळीत भरला तरी मोकळा होताच तो मूळ आकारात उघडतो. सांगाड्यावर रक्त आरपार न जाऊ देणारं पॉलिस्टर किंवा टेफ्लॉनच्या जातीचं अस्तर असतं. मिटलेल्या छत्रीला बटण दाबून उघडावं, तसं ते काम करतं. दांड्याऐवजी मध्ये रक्त वाहायला मोकळी वाट असते, एवढाच फरक.

प्रक्रिया कॅथलॅबमध्ये होते. जांघेतल्या रोहिणीत सुईने शिरून आधी एक बारीक तार महारोहिणीत वरपर्यंत नेतात. सुई, तार आणि तारेवरून नळी ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुचवली, आणि आजच्या बहुतेक अँजिओग्राफी तिच्यावरच चालतात. मग त्या तारेवरून मिटलेला स्टेंट असलेली नळी चढवतात. ती साधारण पेन्सिलीएवढी जाड असते. म्हणून जांघेतली रोहिणी पुरेशी रुंद आहे का, हे आधी बघावं लागतं. ती अरुंद किंवा चुन्यासारखी कडक झालेली असेल तर पोटातल्या वरच्या रोहिणीतून वाट काढतात.

मापाला फार महत्त्व आहे. स्टेंट महारोहिणीपेक्षा थोडा मोठा, सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्के जास्त व्यासाचा घेतात. तरच तो भिंतीला घट्ट धरून बसतो. भोकाच्या वर आणि खाली निरोगी भिंतीची किमान दोन सेंटिमीटर जागा लागते. नाहीतर कडेने रक्त गळत राहतं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत, रक्तदाब काही क्षण मुद्दाम उतरवून स्टेंट उघडतात, कारण वाहत्या रक्ताचा जोर त्याला जागेवरून ढकलू शकतो. उघडण्याचं काम मिनिटाभराचं. सगळं सुरळीत असेल तर एक-दोन तासांत रुग्ण बाहेर येतो. छातीवर चिरा नाही, जांघेत एक लहानशी जखम, आणि महारोहिणीचा नळ बंद झालेला.

यातले धोकेही आहेत. महारोहिणीच्या या भागातून मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या लहान फांद्या निघतात. त्या झाकल्या गेल्या तर पाय लुळे पडू शकतात. नळी वळणावरून जाताना गुठळी किंवा चुन्याचा कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होऊ शकतो. हे दोन्ही धोके काही टक्के रुग्णांत असतात. डाव्या हाताकडे जाणाऱ्या रोहिणीचं तोंड झाकावं लागलं तर त्याचाही वेगळा विचार करावा लागतो. आयोडिनयुक्त औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो.

नळ बंद झाला, भोक तसंच

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नातेवाइकांना बाहेर येऊन डॉक्टर सांगतात, 'रक्तस्राव थांबला.' सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ते योग्यच आहे. पण काय थांबलं आणि काय थांबलं नाही, हे नीट कळायला हवं.

स्टेंटने महारोहिणीच्या बाजूचं दार बंद केलं आहे. अन्ननलिकेच्या बाजूचं दार उघडंच आहे. अन्ननलिकेतून दिवसभर लाळ जाते, आणि लाळेत अगणित जिवाणू असतात. ते त्या भोकातून थेट स्टेंटच्या कापडापर्यंत पोहोचतात. कापडाला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. त्यामुळे तिथे बसलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. ताप येऊ लागतो, जंतू रक्तात पसरतात आणि कधी भिंत सडून पुन्हा रक्तस्राव होतो. स्टेंट उत्तम बसला तरी ही टांगती तलवार राहते. म्हणून दीर्घकाळ, पुष्कळदा रुग्ण असेपर्यंत अँटिबायोटिक द्यावी लागतात. तोंडाने खाणं बंद करून पोटावरून जठरात किंवा आतड्यात बसवलेल्या नळीतून अन्न द्यावं लागू शकतं. अन्ननलिकेच्या आतही अस्तराचा स्टेंट बसवून ते दार लोटून घेण्याचा प्रयत्न काही वेळा करतात. पण त्याचाही दाब नाजूक भिंतीवर येतो, त्यामुळे तो निर्णय जपून घ्यावा लागतो.

फुग्यामुळे किंवा काट्यामुळे भोक पडलं असेल, तर स्टेंट हा पूल ठरतो. रुग्ण त्यावरून पलीकडे जातो, सावरतो आणि मग अन्ननलिका काढणं, महारोहिणीचा खराब भाग बदलणं, पोटातला चरबीचा पडदा वर आणून तिथे गुंडाळणं अशी मोठी शस्त्रक्रिया करून आजार मुळापासून संपवण्याचा प्रयत्न होतो. कर्करोग महारोहिणीपर्यंत पोहोचला असेल तर बहुसंख्य रुग्णांत पलीकडचा किनारा असा उरलेला नसतो. स्टेंटने कर्करोग एक कणभरही कमी होत नाही. मिळणारा काळ बहुतेकांच्या बाबतीत आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजावा लागतो. काही निवडक रुग्णांना मात्र स्टेंटनंतर केमोथेरपी, रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करता आली आणि ते अधिक काळ जगले, अशा नोंदी विशेषतः जपानमधून आल्या आहेत. तिथे काही ठिकाणी, गाठ महारोहिणीला भिडलेली दिसली तर रक्तस्राव होण्याची वाट न पाहता आधीच अस्तराचा स्टेंट बसवून मग उपचार सुरू करण्याचे प्रयोगही झाले आहेत. याचा फायदा कुणाला आणि किती, हे रुग्णागणिक ठरवावं लागतं. सरसकट सगळ्यांना बसवावा, असा हा उपाय नाही.

मग स्टेंट बसवायचा की नाही? घरच्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. रक्तस्राव व्हायच्या आधी रुग्णाची तब्येत कशी होती, तो स्वतःच्या पायावर हिंडत-फिरत होता की अंथरुणाला खिळला होता? कर्करोगावर अजून काही उपचार शिल्लक आहेत का? स्टेंट बसला तर पुढचे दिवस घरी जातील की अतिदक्षता विभागात? आणि खर्च किती? नुसत्या स्टेंटचीच किंमत काही लाख रुपयांत जाते, वर रुग्णालयाचा खर्च वेगळा. जमीन विकून, कर्ज काढून मिळालेले दोन आठवडे व्हेंटिलेटरवर गेले, तर ते कुणासाठी मिळाले हा प्रश्न मागे राहतो. उलट, नुकतंच निदान झालेला, बऱ्यापैकी ताकद असलेला, उपचार अर्ध्यावर असलेला रुग्ण असेल, तर तेच आठवडे महिने होऊ शकतात. परगावचा मुलगा येऊन भेटतो, राहिलेली कामं मार्गी लागतात, माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत राहतो. या वेळेला मोल आहे. ते मोल किती, हे ठरवण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे. आपल्याकडे पुष्कळदा रुग्णाला आजाराचं नावही सांगितलेलं नसतं आणि त्याच्या वतीने सगळं बाहेरच्या व्हरांड्यात ठरतं. शक्य असेल तिथे त्यालाच विचारावं.

स्टेंट न बसवण्याचं ठरलं तर 'आता काही करता येणार नाही' असं म्हणून कुणी हात झटकू नयेत. वेदनाशामक आणि दिलासा देणारी उपचारपद्धती, जिला आपण पॅलिएटिव्ह केअर म्हणतो, तिच्याकडे अशा वेळेसाठीही योजना असते. धोका आहे हे घरच्यांना आधी समजावून सांगतात. वेदना आणि भीती कमी करणारी, झोप आणणारी औषधं हाताशी तयार ठेवतात. गडद रंगाचे टॉवेल आणि चादरी जवळ ठेवायला सांगतात, म्हणजे रक्ताचा लाल रंग अंगावर येत नाही, रुग्णाच्याही आणि जवळ बसलेल्या माणसाच्याही. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण शेवटच्या त्या मिनिटांत घरचं माणूस घाबरून पळत नाही, हात धरून बसून राहतं, ते या तयारीमुळे.

घरी काय लक्षात ठेवावं

अन्ननलिकेचा कर्करोग असलेल्या माणसाला ताज्या रक्ताची उलटी झाली, मग ती वाटीभर असो वा चमचाभर, आणि नंतर तो कितीही बरा दिसो, तर त्याच वेळी निघावं. तोंडाने काही देऊ नये. उलटी होत असेल तर कुशीवर निजवावं. सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, रेडिएशनचे कागद, चालू औषधांची यादी सोबत घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगावं. शक्य असेल तर सीटी अँजिओग्राफी, कॅथलॅब आणि रक्तपेढी एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयात न्यावं आणि निघतानाच फोन करून कळवावं. हव्या त्या मापाचा स्टेंट प्रत्येक रुग्णालयात ठेवलेला नसतो. तो मागवण्यातही वेळ जातो. आपण वाटेत असताना ते काम सुरू झालं, तर तेवढा वेळ वाचतो.

गाठ महारोहिणीच्या शेजारी आहे असं स्कॅनच्या अहवालात असेल, तर हा सगळा विचार उपचार सुरू होण्याआधीच, डॉक्टरांसमोर बसून करावा. 'असं झालं तर आपण काय करायचं?' हा प्रश्न अभद्र नाही. मध्यरात्री रुग्णवाहिकेत तो पहिल्यांदा विचारण्यापेक्षा दुपारी बाह्यरुग्ण विभागात विचारलेला बरा.

आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट. अन्ननलिकेच्या कर्करोगात घास अडकू लागतो तो हळूहळू. आधी भाकरीचा घास छातीत अडतो. मग माणूस भाकरी दुधात कुस्करून खायला लागतो. मग नुसता भात, मग पेज. प्रत्येक पायरीवर तो जेवण बदलतो आणि तक्रार करत नाही. घरातल्यांना वाटतं, वयामुळे दात गेलेत. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी, विडी-सिगारेट किंवा दारू यांची सवय असलेल्या चाळिशी-पन्नाशीपुढच्या माणसाने असं जेवण बदललं, त्याचं वजन उतरू लागलं, तर दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्यावी. गाठ भिंतीच्या आत असते तोवर ती काढून टाकून बरं होण्याची आशा असते. महारोहिणीत अस्तर लावण्याची वेळ येते तेव्हा आपण ती संधी फार मागे टाकून आलेलो असतो.

छातीतल्या महारोहिणीत जांघेतून एक मिटलेली छत्री नेऊन उघडावी आणि जाणारा जीव तिथल्या तिथे थांबावा, हे विज्ञानाचं मोठंच देणं आहे. ते घ्यायला आपण वेळेत पोहोचलो पाहिजे, आणि घेताना त्यातून काय मिळणार आहे, काय नाही, हे माहीत असलं पाहिजे. एवढं सांगून थांबतो.